सायकलवर स्कूटरचा रेनकोट नको

संपादक महोदय,

पाऊस लागला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रेनकोटांचे ढीग पडतात. जवळजवळ सगळे स्कूटरवाल्यांच्या बेताचे. सायकलवालाही तोच नेतो आणि एक चढ संपेपर्यंत आतून चिंब होतो, पावसाने नव्हे, घामाने.

स्कूटरवर माणूस नुसता बसलेला असतो, सायकलवर अंग तापते. पीव्हीसीच्या कोटातून ती वाफ निघत नाही. वाफ बाहेर सोडणारे महागडे कापडही इथे थिटे पडते, कारण त्याला बाहेरची हवा कोरडी किंवा थंड लागते. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास! त्यापेक्षा काखेत झिप असलेला, मागून लांब आणि पुढून आखूड असा पातळ नायलॉनचा विंडचीटर बरा. इरले पाठ झाकते आणि पुढून मोकळे असते, ते उगाच नाही.

पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल कोट, तर नकोच. मांडवी पुलावर आडवा वारा आला की त्याचे शीड होते, आणि सुटे टोक मागच्या चाकात जाते.

खरे तर आपला पाऊस उबदार. पाच-सात किलोमीटरसाठी सरळ भिजावे, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावेत. फक्त चोर्ला घाट उतरताना ओल्या अंगाला वारा झोंबतो. विंडचीटर माथ्यावरच चढवावा, हुडहुडी भरल्यावर नव्हे.

भिजायचेच तर जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. ओली जीन्स जड होते, मांडी सोलते आणि पंख्याखालीही दुसऱ्या सकाळी दमटच असते. पॉलिएस्टर पिळून टांगले की रात्रीत सुकते. पोचल्यावर ओली चड्डी तशीच ठेवली तर जांघेत नायटा ठरलेला. पँटचा उजवा पाय वेल्क्रोच्या पट्टीने आवळावा, चेन त्याच बाजूला असते.

कोटाची टोपी हेल्मेटवर ओढू नये. मान वळते, टोपी वळत नाही, आणि मागची बस दिसतच नाही. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली पातळ कॅप घातली की डोळ्यांत पाणी जात नाही. पायात मागे पट्टा असलेले सँडल. बूटच हवे असतील तर रात्री आत कागदाचे बोळे कोंबून दोन तासांनी बदलावेत (आपला कालचा अंक चालेल).

फ्लोरोसंट पिवळा रंग दिवसापुरता. हेडलाइटच्या उजेडात तो चमकत नाही. रात्री परावर्तक पट्टी हवी, तीही घोट्यांवर. ती वरखाली हलते, म्हणून पुढे सायकल आहे हे लांबूनच कळते.

आणि हे सगळे घेण्याआधी मडगार्ड पाहा. पायांवर उडणारे बरेचसे पाणी आपल्याच पुढच्या चाकाचे. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पुढच्या मडगार्डच्या टोकाला बोल्टने लावावा, रस्त्यापासून चार बोटे वर राहील इतका लांब. त्याहून खाली आला तर खड्ड्यात अडकून फाटतो.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, फोंडा