कोपऱ्यातल्या मशीनवरून आरोग्यमंत्र्यांना पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मोबाइलवर उजव्या अंगठ्याने लिहितोय. डाव्या हाताला फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर आहे, त्यात दोन सुया आहेत, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. वय ५४. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारा होतो. किडन्या गेल्याला सहा वर्षं होतील. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर जातो तेव्हा आम्हाला दिवसाला लिटरभर पाणी, त्यातच चहा आणि आमटीही आली. ते सहन होतं. जे सहन होत नाही ते म्हणजे डायलिसिसच्या केंद्रातच लागणारा हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार. त्यासाठी हे पत्र आहे.

आधी उपकाराचं बोलतो. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं म्हणून मी जिवंत आहे. आठवड्याला तीन वेळा खिशातून पैसे भरायचे असते तर घर विकूनही दोन वर्षं निघाली नसती. त्यामुळे सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही.

डायलिसिस सुरू केलं तेव्हाचा माझा रिपोर्ट घरी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय: एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, सी निगेटिव्ह. चौदा महिन्यांनी त्याच पिशवीत दुसरा कागद आला. हिपॅटायटिस सी, पॉझिटिव्ह. मधल्या काळात मला रक्त चढवलेलं नव्हतं, कसलं ऑपरेशन नव्हतं. केंद्रातले म्हणाले, बाहेर कुठे इंजेक्शन घेतलं असेल, न्हाव्याकडे दाढी केली असेल. वर्षात दीडशे वेळा ज्या खोलीत माझं रक्त शरीराबाहेर फिरतं, ती खोली सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला. केंद्राचं नाव घेत नाही. माझं भांडण एका केंद्राशी नाही.

तिथल्या पोरांवरही राग नाही. पाळी बदलताना एकदा येऊन बघा, साहेब. एकाच्या सुया निघतायत, दुसऱ्याला लावायचंय, तिसऱ्याचं बीपी पडलंय आणि चौथ्याचं मशीन बोंबलतंय. टेक्निशियन एक. ज्या हाताने त्याने इकडचा अलार्म बंद केला तोच ग्लोव्ह तिकडच्या ट्यूबिंगला लागतो. औषधांची ट्रॉली एका खाटेकडून दुसरीकडे जाते, रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनची एकच बाटली चौघांना चालते. केंद्रात सी पसरतो तो बहुतेक अशाच वाटांनी. मशीनच्या पोटातून पसरल्याचं क्वचितच आढळतं. हा विषाणू बाहेर पडलेल्या रक्तात सहा आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. खाटेच्या दांड्यावर वाळलेला बारीक ठिपका कुणाच्या नजरेला पडणार?

कावीळ होईल तेव्हा कळेल, असं मला वाटायचं. डायलिसिसवाल्यांच्या बाबतीत तसं नसतं. लिव्हरला सूज आली की जो आकडा वाढतो, तो एएलटी, आमच्यात मुळातच कमी असतो, त्यामुळे आजार आत बसलेला असतानाही रिपोर्ट बरा दिसतो. साधी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनाची तपासणी लागण झाल्यावर दोन-तीन महिने निगेटिव्ह येऊ शकते. विषाणूचा आरएनए, म्हणजे खुद्द विषाणूचा अंश मोजणारी तपासणी एक-दोन आठवड्यांत पकडते, पण ती महाग, म्हणून ती सहजी होत नाही.

एवढ्याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. किडन्या तर गेल्याच आहेत. बिघडतं ते आयुष्य. वेगवेगळ्या देशांतले १४ अभ्यास एकत्र करून बघितलेत, त्यांत दीड लाखाच्या आसपास डायलिसिस रुग्ण होते. वय आणि इतर आजार जमेस धरूनही सी असलेल्यांच्या मृत्यूचा धोका नसलेल्यांपेक्षा साधारण ३५ टक्क्यांनी जास्त निघाला. कुणी लिव्हर सुकून जातो, कुणी लिव्हरच्या कॅन्सरने, कुणी हृदयविकाराने.

आणि चीड येते ती पुढच्या गोष्टीची. हा आजार बरा होतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या गोळ्या असायच्या. रिबाविरिनने रक्त कमी होतं, आणि आमचं हिमोग्लोबिन आधीच रडत असतं. आता सोफोसबुवीर आणि जोडीचं औषध, १२ आठवडे, रोज गोळी, शंभरातले पंचाण्णव बरे. सुरुवातीला किडनीवाल्यांना सोफोसबुवीर द्यायला डॉक्टर कचरायचे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डायलिसिस रुग्णांनाही ते देता येईल असं लेबलवर आणलं. ही औषधं भारतीय कंपन्या बनवतात. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. म्हणजे औषध आहे, योजना आहे, पैसेही आहेत. तरी मला पहिली गोळी मिळाली ती पॉझिटिव्ह कागद आल्यावर सात महिन्यांनी. कारण डायलिसिस एका खात्याचं, हिपॅटायटिस दुसऱ्याचं, आणि दोन्हींच्या मध्ये मी, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात ताजी पट्टी घेऊन. एक दिवस डायलिसिस, एक दिवस त्याचा थकवा. रांगेत उभं राहायला कुठला दिवस काढायचा?

मी बरा झालो. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते सांगणाऱ्या कागदावर ‘आढळला नाही’ असं आलं. तरीही आज मी कोपऱ्यातल्या ‘पॉझिटिव्हवाल्यांच्या’ मशीनवरच आहे. कारण अँटिबॉडी बरं झाल्यावरही रक्तात राहते, बहुधा जन्मभर, आणि केंद्रातल्या वहीत तेवढंच लिहिलंय. मशीन एकच असल्याने आमची पाळी शेवटची. सुटायला रात्रीचे साडेदहा होतात. बीसाठी वेगळं मशीन, वेगळी खोली लागते, ते मान्य. पण सीसाठी ‘केडिगो’ या किडनीच्या आजारांवरच्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वेगळं मशीन ठेवायला सांगत नाहीत, हात धुणं, ग्लोव्ह बदलणं, औषध स्वच्छ जागी भरणं सांगतात. कोपऱ्यात मशीन ठेवलं की बाकी खोलीत हात नाही धुतला तरी चालतं, असा उलटा समज होऊन बसतो.

याचा परिणाम काय झाला ते सांगतो. माझ्याबरोबर एक अक्का यायच्या. विडी कामगार, कुंभारीच्या रे नगरात घर. रक्ततपासणीचा दिवस आला की त्या काही ना काही सांगून टाळायच्या. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, “पॉझिटिव्ह आलं तर रातच्याला टाकतेत की. रातच्याला मी घरला जाऊ कशी?” साहेब, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असलं पाहिजे.

मी जॉबर होतो, म्हणून माझ्या कामातलं सांगतो. फोल्डिंग खात्यात एक टॉवेल नापास झाला तर तो कुठल्या मागावरचा, कुठल्या पाळीतला, कुणाच्या हाताखालचा, हे संध्याकाळच्या आत काढावं लागायचं. सुताला दोष देऊन कुणी सुटायचं नाही. आधी माग थांबायचा. माझ्या बाबतीत एक माणूस निगेटिव्हचा पॉझिटिव्ह झाला आणि कुणी एक ओळही लिहून घेतली नाही. त्या महिन्यात माझ्या आधी त्या खाटेवर कोण होतं, शेजारी कोण होतं, हेपॅरिन कुठे भरलं जात होतं, शेजाऱ्यांची पुन्हा तपासणी झाली का, कुणीच विचारलं नाही. केंद्राला पैसे किती डायलिसिस केले यावर मिळतात. किती जणांना तिथे येऊन सी लागला, हा आकडाही त्याच बिलाला जोडा. जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्राचा तो आकडा दर सहा महिन्यांनी भिंतीवर लावा, अगदी शून्य असला तरी. नवा पॉझिटिव्ह निघाला की आठवड्यात चौकशी झालीच पाहिजे, आणि ती टेक्निशियनला बळी द्यायला नको. एका माणसाकडे किती खाटा होत्या हेही त्यात लिहा.

बाकी मागणं छोटं आहे. दर सहा महिन्यांच्या तपासणीचा कागद रुग्णाच्या हातात द्या. आरएनएसाठीचं रक्त मशीन लावतानाच घ्या, तशीही सुई टोचलेलीच असते. गोळ्या केंद्रातच द्या. आम्ही आठवड्यातून तीन वेळा येतोच, आमच्याइतका नियमित रुग्ण तुम्हाला राज्यात मिळणार नाही. आणि जो बरा झाला त्याला त्याची जुनी पाळी परत द्या. पुन्हा लागण होऊ शकते हे खरं, सीवर लस नाही हेही खरं, म्हणून त्याची तपासणी आरएनएने करत राहा.

मशीन वाजायला लागलंय, म्हणजे वेळ संपली. सुया काढल्या की दहा मिनिटं दाबून धरावं लागतं, तेव्हा लिहिता येत नाही. आज मंगळवार. गुरुवारी पुन्हा याच कोपऱ्यात, शेवटच्या पाळीला आहे.

आपला,
एक डायलिसिस रुग्ण,
सोलापूर