कांदे तुडवणाऱ्यांच्या गावात

म्युनिक,
सप्टेंबर

ती. आई-अण्णांना आणि आजीला साष्टांग नमस्कार.

मुद्दाम कागदावर लिहिते आहे. व्हिडिओ कॉलवर आजीला निम्मं ऐकू येत नाही आणि अण्णा दोन मिनिटांत "हे घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. आता धाकट्याने सगळ्यांना बसवून वाचून दाखवायचं. मध्ये बिअरचा मजकूर आहे, तेवढा आजीपुढे जरा भरभर वाच रे.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही पाच जण बांबेर्गला जाऊन आलो. म्युनिकच्या उत्तरेला, न्यूरेनबर्गच्याही पुढे हे गाव आहे. जलद गाडीने दोन तासांच्या आत जाता येतं, पण आम्ही बायर्न-तिकीट काढलं. एकाच तिकिटावर पाच जण, बव्हेरियाभर दिवसभर कुठेही फिरा, अट एवढीच की साध्या गाड्यांनीच जायचं. त्यामुळे वेळ दुप्पट लागला आणि पैसे फारच कमी. माझी केरळची रूममेट, ऑफिसातला कोल्हापूरकर, त्याचा इंदूरचा मित्र (मराठी बोलतो, पण प्रत्येक वाक्यात "अपन" येतं) आणि आमची एक जर्मन मैत्रीण. तिचं आजोळ बांबेर्गचं, म्हणून कुठे खायचं-प्यायचं हे सगळं तिने ठरवलेलं. आम्ही फक्त पाय हलवायचे.

अण्णा, तुमच्यासाठी मुख्य गोष्ट आधी सांगते. बांबेर्गच्या लोकांना आजूबाजूचे लोक कांदे तुडवणारे म्हणतात. चिडवायला ठेवलेलं नाव, पण हे लोक ते मिरवतात. इथे गावाच्या अगदी मधोमध माळ्यांची जुनी वस्ती आहे. रस्त्यावरून चालताना नुसती एकाला एक लागून घरं दिसतात, प्रत्येकाला बैलगाडी आत जाईल एवढा रुंद दरवाजा. दरवाजा उघडा असला आणि डोकावलं, तर घराच्या मागे लांबच लांब शेताची पट्टी! कोबी, मुळे, सॅलडची पानं, फुलझाडं. मागे शेत, पुढे रस्ता, आणि रेल्वे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. बांबेर्गचं जुनं गाव १९९३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यात ही माळ्यांची वस्तीही आहे. म्हणजे चर्च आणि पूल यांच्या बरोबरीने भाजीचे वाफेसुद्धा जागतिक वारसा. मला हे फार आवडलं.

त्या वस्तीत एका जुन्या माळ्याच्या घरातच छोटं संग्रहालय केलंय, माळ्यांचं आणि द्राक्ष बागायतदारांचं मिळून. एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला द्राक्ष, म्हणजे निफाड तालुकाच म्हणा ना! पूर्वी इथल्या टेकड्यांवर द्राक्षमळे होते, मग ते गेले आणि बिअरचं राज्य आलं. तिथे मैत्रिणीने कांदे तुडवायची रीत सांगितली. पायाला फळ्या बांधायच्या आणि उन्हाळ्यात कांद्याच्या वाफ्यातून चालत पात आडवी करायची, म्हणजे झाडाची ताकद पातीत न जाता खाली कांद्यात उतरते. ती मोठ्या कौतुकाने सांगत होती, की अशी गंमत जगात दुसरीकडे कुठे नसेल. मी म्हटलं, थांब. आमच्याकडे उन्हाळ कांद्याच्या माना आपोआप पडतात, पण खरिपात पडत नाहीत, तेव्हा काढणीच्या आधी रिकामं पिंप फिरवून माना मोडतात. तिला ते खरं वाटेना. पिंप? तेलाचं पिंप? हो, तेच. त्यावर तिने मला असे प्रश्न विचारले की अण्णा, तुम्हीच हवे होता. किती दिवस आधी फिरवता? पात पिवळी पडायला लागल्यावर की हिरवी असतानाच? माना मोडल्यावर पाणी कधी तोडता? मला अर्ध्याचीच उत्तरं देता आली.

इथला कांदा आपल्यासारखा गोल नसतो, नासपतीसारखा लांबट असतो. तिखट कमी. त्याची इथली नावाजलेली डिश म्हणजे भरला कांदा. अख्खा मोठा कांदा उकडून आतून पोखरतात, त्यात डुकराचा खिमा भरून भाजतात, वर खारवलेल्या मांसाची कुरकुरीत चकती आणि खाली बटाट्याचा लगदा. भोवती सॉस, तोही बिअरचाच. मी अर्थातच खाल्ला नाही. कोल्हापूरकराने खाल्ला आणि बराच वेळ काही बोललाच नाही, यावरून काय ते समजा. शेवटी म्हणाला, "ह्यात जरा तांबडा रस्सा सोडला असता तर..." मला शाकाहारी म्हणून कॅमेम्बर्ट चीज, लोणी, कांदा आणि लाल मिरचीची गोडसर पूड एकत्र मळून केलेलं एक प्रकरण मिळालं, सोबत राय नावाच्या धान्याचा काळसर ब्रेड आणि मुळ्याच्या चकत्या. आई, मुळा इथे मीठ लावून कच्चाच खातात, अगदी पातळ काप काढून. तुला आवडेल. चीजचं तसं नाही सांगता येत, वासालाच उठून जाशील.

आता बिअर. (धाकट्या, इथून भरभर.)

बांबेर्गला लोक धुराची बिअर प्यायला येतात. श्लेंकर्ला नावाची जुनी गुत्तावजा खानावळ आहे, चर्चच्या टेकडीखालच्या गल्लीत. काळ्या लाकडी तुळया, ठेंगणं छत आणि इतकी गर्दी की अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा करून बसायचं. ते इथे सर्रास चालतं. आमच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं, त्यांनी आम्हाला बघून मुकाट्याने आपल्या टोप्या आणि पिशव्या सरकवल्या आणि पुन्हा आपल्या बोलण्यात गुंग. बिअर लाकडी पिंपातून सरळ ग्लासात, मध्ये पंप नाही की गॅस नाही. रंग जवळजवळ काळा. तोंडाशी नेला तर पहिला आला तो वास: हुरड्याच्या आगटीवरून उठून आल्यावर स्वेटरला येतो ना, अगदी तोच. मी थबकलेच. चव त्या मानाने सौम्य, जराशी कडू, शेवटी परत धूर.

हा धूर येतो कुठून, तर बार्लीला मोड आणून ते वाळवताना खाली बीच झाडाच्या लाकडांचा जाळ करतात. पूर्वी बहुतेक ठिकाणी मोड आगीवरच वाळवत, त्यामुळे कमीजास्त धुराचा वास सगळ्याच बिअरला असायचा. मग धूर न लागता नुसत्या गरम हवेवर वाळवायच्या भट्ट्या आल्या आणि धूर गेला. जगभर लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. बांबेर्गात मात्र दोन घरांनी जुनी भट्टी सोडली नाही, एक हे श्लेंकर्ला आणि दुसरं श्पेत्सिआल, जे १५३६ पासून चालू आहे. दोघंही आपले मोड अजून स्वतःच लाकडाच्या जाळावर वाळवतात. दुसऱ्याची बिअर जरा फिकट, धूर कमी. मला तीच जास्त आवडली. श्लेंकर्लात ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावरच छापलंय की पहिला घोट विचित्र लागला तरी थांबू नका. मैत्रीण म्हणाली, तिसऱ्या ग्लासाला खरी चव कळते. मी पहिल्याच ग्लासावर थांबले, आई, उगाच काळजी करू नकोस. इंदूरकराने तिसऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं आणि मग पुलावर उभं राहून इंदूरच्या सराफा बाजारात तळून मिळणाऱ्या गराडू नावाच्या कंदावर एक भाषण केलं.

त्या पुलाचीही गोष्ट आहे. नदीच्या ऐन मधोमध जुनं नगरभवन उभं आहे, दोन्ही बाजूंनी पूल. असं सांगतात की बिशप काही केल्या गावकऱ्यांना कचेरीसाठी जागा देईना, तेव्हा गावकऱ्यांनी नदीत खांब ठोकले आणि पाण्यावरच कचेरी बांधली. खरं-खोटं देव जाणे, पण बांधकाम बघून गोष्ट पटते. भिंतभर चित्रं रंगवलेली आहेत आणि एका चित्रातल्या गुबगुबीत बाळाचा पाय भिंतीतून खराखुरा बाहेर आलेला आहे, दगडाचा. आजी, तू असतीस तर त्या पायाखाली उभी राहून फोटो काढला असता.

चर्चही पाहिलं. चार उंच मनोरे, आत एका पोपची कबर. आल्प्सच्या उत्तरेला पोपची कबर म्हणे ही एकच. मोठं, थंड आणि शांत. पण पोटात भूक होती, आम्ही लवकरच बाहेर पडलो.

रविवारी दुपारी टेकडीवर गेलो. इथे टेकडीच्या पोटात जुनी तळघरं खोदलेली आहेत, फ्रीज नव्हते तेव्हा बिअर त्यात थंड ठेवायचे. आत थंडावा टिकावा म्हणून वर सावलीची झाडं लावली, मग त्याच झाडांखाली बाकडी टाकून लोक बसायला लागले. अजून बसतात, आणि पुष्कळ ठिकाणी खाणं घरचं आणलं तरी कोणी काही म्हणत नाही, पेय मात्र तिथलंच घ्यायचं. आमच्या शेजारच्या टेबलावर एका कुटुंबाने चौकड्यांचं कापड अंथरलं, डबे उघडले, आजोबांनी खिशातून स्वतःचा चाकू काढून सॉसेज कापलं. आम्हीही डबे उघडले. रूममेटने लेमन राइस केला होता, मी तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. चटणी शेजारच्या आजोबांना दिली. त्यांनी ब्रेडवर लोणी लावून त्यावर जाड थर दिला, आम्ही श्वास रोखून बघतोय, आणि त्यांनी शांतपणे दुसरा ब्रेड पुढे केला. बरणी रिकामीच परत आली, तेव्हा आई, दुसरी पाठव. लसूण थोडा जास्त घाल.

एक गोष्ट मात्र खटकली. बिअर गावात जोरात आहे. एवढ्याशा गावात वेगवेगळ्या घराण्यांच्या भट्ट्या आहेत आणि त्या बघायला लांबून लोक येतात. आणि ज्यांच्या नावाने गावाला ओळखतात ते माळी? मैत्रीण म्हणाली, एके काळी शेकड्यांनी कुटुंबं होती, आता मोजकीच उरलीत. पोरं कचेरीत गेली, काहींच्या शेतपट्टीवर गाड्या लावायची जागा झाली. तुडवायच्या फळ्यांची गोष्ट संग्रहालयात ऐकायची आणि भरला कांदा हॉटेलात खायचा. मी तिला विचारलं, कांद्याला भाव काय मिळतो? तिला ठाऊक नव्हतं. नातेवाइकांना विचारून सांगते म्हणाली. कळलं की कळवीन, तुम्हाला ऐकायला आवडेल.

चाळीतला उन्हाळ कांदा ठेवलाय की काढला? पाऊस फार झाला असं धाकटा म्हणत होता, सड किती निघाली ते लिहा. आणि अण्णा, ते लांबट कांद्याचं बी मागू नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. आपल्या सरकारच्या परवान्याशिवाय आणि इथल्या कृषी खात्याच्या दाखल्याशिवाय बियाणं विमानातून आणता येत नाही. शिवाय इथला उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांचा. त्या लांब दिवसावर पोसणारा कांदा निफाडात नुसती पात वाढवत बसायचा.

त्यापेक्षा एक करा. लाल कांद्यावर पिंप फिरवाल तेव्हा धाकट्याला व्हिडिओ काढायला लावा, जरा जवळून, माना कशा मोडतात ते दिसेल असा. मैत्रीण रोज विचारते आहे.

तुमची,
ताई