शेवटची पोस्टिंग निवडताना मुलांचा साधा वॉर्ड विसरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला लहान मुलांच्या विभागात कुठली पोस्टिंग हवी असं विचारलं की बरेच विद्यार्थी लगेच एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नाहीतर पीआयसीयू (त्याहून मोठ्या मुलांचा अतिदक्षता विभाग) सांगतात. मोठी मशिन्स, व्हेंटिलेटर, पुढे नोकरीलाही बरं, असं वाटतं आणि ते साहजिकच आहे. पण मी बरीच वर्षं मुलांमध्ये काम करतेय आणि मला मनापासून वाटतं की शेवटची पोस्टिंग शक्यतो साध्या पेडियाट्रिक वॉर्डात घ्यावी.

एनआयसीयूत एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्तच जेमतेम ९० मिली असतं, त्यामुळे तपासणीसाठी घेतलेला प्रत्येक थेंब मोजावा लागतो आणि बाळाला जितका कमी हात लागेल तितकं चांगलं, मग विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुतेक वेळ बघणंच येतं. वॉर्डात मात्र एका बेडवर धाप लागलेलं तान्हं बाळ, शेजारी जुलाबाने सुकलेलं दोन वर्षांचं, पलीकडे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला मुलगा आणि नुकताच डायबेटिस कळलेली, स्वतः इन्सुलिन घ्यायला शिकणारी बारा वर्षांची मुलगी. प्रत्येकाचा डोस वजनावर, दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट औषध जातं, हा हिशोब रोज करून करूनच हातात बसतो.

आणि खरी गोष्ट म्हणजे मुलाची तब्येत बिघडतेय हे ओळखणं. मुलाचं बीपी फार उशिरा पडतं, त्याच्या आधी नाडी पळायला लागते, हातपाय गार होतात, मूल गप्प होतं, खेळण्याकडे बघत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० आणि पाच वर्षांपर्यंतच्याचा ४० किंवा जास्त झाला तर तो जलद समजायचा, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट मोजायची सवय जिथे प्रत्येक बेडला मॉनिटर नाही तिथेच लागते. बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटते का यावरून दहापैकी मोजायची फ्लॅक स्केल आहे, तीही तिथेच कामाला येते. आई म्हणाली "आज हा वेगळाच वाटतोय" तर ते चार्टवर लिहायचं आणि इन्चार्ज सिस्टरना सांगायचं, टाळायचं नाही.

ज्यांना नवजात बाळांमध्येच करिअर करायचंय त्यांनी एनआयसीयू जरूर घ्यावं. कॅन्सर वॉर्डाचंही तसंच, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरची ट्रीटमेंट अनेकदा दोन-दोन वर्षं चालते, तीच मुलं परत परत येतात, जीव लागतो, त्याची मनाची तयारी असेल तर ती पोस्टिंग फार काही देऊन जाते. फक्त मैत्रीण घेतेय म्हणून घेऊ नका, तिथे आपल्याला शिकवणारी सिस्टर कोण आणि स्वतःच्या हाताने काय काय करायला मिळणार हे आधी विचारा.

कॉलेजांना एकच विनंती, पसंतीचा फॉर्म भरून घ्यायच्या आधी विद्यार्थ्यांना प्रत्येक विभागात निदान एक शिफ्ट काढू द्या.

आपली,
मुलांच्या वॉर्डातली एक सिस्टर