हिवाळी टायर की बारमाही? निर्णय नुसत्या किमतीवर नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी 2024 मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला, तेव्हापासून आपल्या दैनिकात जर्मन भाषेचे वर्ग, व्हिसा, पगार, राहण्याची सोय यांविषयी मजकूर येत असतो आणि आम्ही तो येथे आवर्जून वाचतो. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई ही 1968 पासून भगिनी शहरे आहेत, त्यामुळे आपल्या मुलामुलींनी इकडे यावे यात नवल नाही आणि मला त्याचा आनंदच आहे. मात्र त्या मजकुरात एक विषय मला अद्याप दिसला नाही, आणि तो जिवाशी निगडित असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. तो विषय म्हणजे गाडीचे टायर.

मी 2018 पासून श्टुटगार्टच्या दक्षिणेला, रॉयटलिंगेन येथे राहते आणि परिचारिकेचे काम करते. हे शहर श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे आणि माझे काम वर पठारावरच्या एका वृद्धाश्रमात आहे. सकाळची पाळी 6 वाजता सुरू होते. त्या वेळेला पोहोचवणारी बस नाही, म्हणून आल्यानंतर काही महिन्यांतच मी एक जुनी छोटी गाडी विकत घेतली. विकणाऱ्याने आवर्जून सांगितले होते की गाडीला बारमाही टायर आहेत, तेव्हा हिवाळ्यासाठी वेगळा खर्च करावा लागणार नाही. टायरच्या कडेवर 'एम प्लस एस' ही अक्षरेही त्याने बोट ठेवून दाखवली. माझे माहेर चिपळूणचे; कुंभार्ली घाट मी ऐन पावसाळ्यात, समोरचे दहा हातांवरचे दिसत नसताना चालवलेला आहे. त्यामुळे घाटाची भीती मला नव्हती, आणि आज वाटते की तीच माझी मोठी चूक होती.

जानेवारी 2019 मधली गोष्ट. रात्रपाळी संपवून मी होनाउच्या घाटाने खाली उतरत होते. उजाडले नव्हते, रात्रभर हिम पडत होते आणि रस्ता साफ करणारी गाडी बहुधा अजून तेथवर आली नव्हती. वेग जेमतेम 25 असेल. वळण दिसले म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला तर पायाखाली पॅडल कडकड थरथरू लागले, स्टिअरिंग डावीकडे वळवले तरी गाडी सरळच जात राहिली, आणि मनात काही विचार येण्याइतका वेळ मिळाला इतक्या सावकाश ती रस्त्याकडेच्या हिमाच्या ढिगात जाऊन थांबली. ढिगाच्या पलीकडे कठडा होता आणि कठड्यापलीकडे दरी. समोरून कोणी येत नव्हते. खाली उतरून पाहिले तेव्हा पुढच्या टायरांची नक्षी दिसतच नव्हती. सगळ्या खाचा हिमाने गच्च भरून टायर पांढऱ्या लाटण्यासारखे गुळगुळीत झाले होते. नंतर मोजले तेव्हा खाचांची खोली 3 मिलिमीटर भरली. कायद्याने 1.6 मिलिमीटर चालते, म्हणजे कागदोपत्री माझ्या टायरांत काहीच दोष नव्हता.

पावसाळी घाट आणि हिमाचा घाट यांत काय फरक आहे हे मला त्या दिवसानंतर समजून घ्यावे लागले. आपल्याकडे पावसात टायरचे काम म्हणजे रुंद खाचांमधून पाणी बाहेर फेकणे. हवा 25 अंशांची असते, रबर मऊ असते, त्यामुळे पाणी बाजूला सरले की रबर डांबराला धरते. येथे थंडीत आधी रबरच बदलते. उन्हाळी टायरचे मिश्रण तापमान उतरू लागले की हळूहळू ताठ होत जाते; 7 अंशांची जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते ती ढोबळ आहे, त्या अंशाला काही एकदम घडत नाही, पण रोख तोच असतो. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे ठेवतात की ते गोठणबिंदूच्या खालीही मऊ राहते. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या शेकडो बारीक नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, त्यांच्या कडा हिमात रुततात आणि त्यांत थोडे हिम अडकूनही राहते. हिमाला हिमच चांगले धरते, हे मुठीत गोळा करून पाहणाऱ्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. माझ्या झिजलेल्या टायरांवर त्या चिरा जवळपास नाहीशा झाल्या होत्या, म्हणून मोठ्या खाचा भरल्यावर हिमात रुतायला काही उरलेच नाही.

पकड निम्मी झाली की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होते. दाबून घट्ट झालेल्या हिमावर चांगल्या हिवाळी टायरचा घर्षणगुणांक 0.3 धरला तर 50 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे 33 मीटरवर थांबते, तोच 0.15 झाला तर सुमारे 65 मीटर लागतात. शाळेसमोरच्या रस्त्यावर हा फरक किती मोठा आहे हे मी सांगायला नको.

आता त्या 'एम प्लस एस' अक्षरांविषयी, कारण नव्याने येणारे आपले लोक याच ठिकाणी फसतात. त्यांचा अर्थ 'चिखल आणि हिम' असा आहे, पण ती अक्षरे छापण्यासाठी हिमावरची कोणतीही चाचणी उत्तीर्ण व्हावी लागत नाही. नक्षी साधारण त्या प्रकारची आहे असे कारखान्याने म्हणणे पुरेसे असते. खरी खूण वेगळी आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत एक हिमकण, असे ते चित्र टायरच्या कडेवर कोरलेले असते आणि हिमावरची ठरावीक चाचणी पार केल्याखेरीज ते लावता येत नाही. जर्मनीत डिसेंबर 2010 पासून हिम, बर्फ, वितळते हिम किंवा गोठलेले दव रस्त्यावर असेल तेव्हा हिवाळ्याला योग्य टायरांशिवाय गाडी चालवण्यास मनाई आहे. 2017 च्या अखेरीपर्यंत बनलेले नुसते 'एम प्लस एस' टायर 30 सप्टेंबर 2024 पर्यंत चालवून घेतले गेले. त्यानंतर डोंगर-हिमकणाचे चिन्ह नसेल तर तो टायर हिवाळी समजला जात नाही. दंड 60 युरो आणि वाहतुकीच्या नोंदवहीत एक दंडगुण, रहदारीला अडथळा झाला तर 80 युरो. गाडी दुसऱ्याची असेल आणि त्याने ती तशा रस्त्यावर नेऊ दिली असेल तर मालकालाही 75 युरो आणि एक दंडगुण. एकाच घरात राहणारे चौघे मित्र एकच गाडी वापरतात तेव्हा हे लक्षात ठेवावे.

येथे लोक 'ओ ते ओ' म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न, अर्थात ईस्टर, या काळात हिवाळी टायर लावावेत. ही रूढी आहे. कायदा तारीख सांगत नाही, रस्त्याची स्थिती सांगतो. शेजारच्या ऑस्ट्रियात मात्र 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हा काळ ठरलेला आहे, त्या काळात रस्त्यावर हिम किंवा बर्फ असेल तर हिवाळी टायर लागतातच, आणि तेथे 4 मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा टायर हिवाळी म्हणून मोजलाच जात नाही. नाताळच्या सुट्टीत आईवडिलांना आल्प्स दाखवायला भाड्याच्या गाडीने निघणाऱ्यांनी किल्ली हातात घेण्यापूर्वी खाली वाकून चारही टायर पाहावेत.

मग बारमाही टायर घ्यावेतच का? घ्यावेत, पण कोणी, हे नीट पाहून. डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेले आजचे बारमाही टायर माझ्या त्या जुन्या टायरांपेक्षा कितीतरी चांगले आहेत. माझी एक मैत्रीण ऱ्हाइनच्या खोऱ्यात, कार्ल्सरूहेला राहते. तेथे हिम क्वचितच टिकते, तिचे कार्यालय ट्रामच्या मार्गावर आहे आणि रस्ता पांढरा दिसला की ती गाडी घरीच ठेवू शकते. तिने बारमाही टायर घेतले आणि मला तिचा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. माझे तसे नाही. ज्या दिवशी हिम पडते त्याच दिवशी मला 6 वाजता वर पोहोचावे लागते, कारण रात्रपाळीची बाई माझ्या येण्याची वाट पाहत थांबलेली असते आणि पडून असलेल्या आजोबांना कूस बदलून द्यायला उशीर चालत नाही. रुग्णालय, बेकरी, बस आगार, अशा ठिकाणी पहाटे हजर व्हावे लागणाऱ्या, आणि त्यातही आल्ब किंवा श्वार्त्सवाल्ड (ब्लॅक फॉरेस्ट) या डोंगराळ भागांच्या उंचीवर राहणाऱ्या प्रत्येकाने खास हिवाळी टायरच घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. चिन्ह हिवाळी आणि बारमाही दोन्ही टायरांवर तेच असते हे खरे, पण 35 गुणांनी सुटलेला आणि 90 गुण मिळवणारा या दोघांच्याही गुणपत्रिकेवर 'उत्तीर्ण' हाच शब्द असतो. शिवाय चिन्हाची चाचणी हिमावरची आहे. काचेसारख्या बर्फाबद्दल ते काही सांगत नाही. बारमाही टायरला जुलैच्या 35 अंशांतही धावायचे असते, म्हणून त्याचे रबर हिवाळी टायरइतके मऊ ठेवता येत नाही.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण पहिल्या वर्षी घरी पैसे पाठवायचे असतात आणि प्रत्येक युरो मोजला जातो. आठ टायर म्हणजे दुप्पट खर्च, हा हिशेब मात्र बरोबर नाही. उन्हाळी जोड धावतो तेव्हा हिवाळी जोड झिजत नाही, त्यामुळे दोन्ही मिळून दुप्पट काळ टिकतात. खरा वाढीव खर्च आहे तो दुसऱ्या जोडाच्या रिम, वर्षातून दोनदा चाके बदलणे आणि जागा नसेल तर ती गॅरेजमध्ये ठेवण्याचे भाडे यांचा. मी रिमसकट दुसरा जोड घेतला आहे आणि चाके स्वतः बदलते. 50 किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे तेवढे विसरत नाही. फक्त दोनच हिवाळी टायर घेऊन पुढे लावण्याची काटकसर कृपया कोणी करू नये. पुढची चाके धरतात, मागची सुटतात आणि गाडी वळणावर गिरकी घेते.

जुनी गाडी घेताना टायरच्या कडेवरचे चार अंकही वाचावेत: 3219 म्हणजे 2019 सालचा 32 वा आठवडा. नक्षी भरपूर असूनही टायर फार जुना असेल तर त्याचे रबर ताठ झालेले असते. खोली पाहायला उपकरणही लागत नाही. 2 युरोच्या नाण्याची चंदेरी कड 4 मिलिमीटरची असते, नाणे खाचेत उभे धरले आणि ती कड पूर्ण बुडाली तर टायर हिवाळ्याला चालेल.

हे सारे येथील शेजाऱ्यांना लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून ते आपल्याला सांगायचे त्यांना सुचत नाही. आपल्या अपोलो टायर्सने 2009 मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन कंपनी घेतली, ती हिवाळी आणि बारमाही असे दोन्ही टायर बनवते. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशाला परके नाही, ते निघणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचलेले नाही इतकेच. आपण परदेशी जाणाऱ्यांसाठी जो मजकूर छापता त्यात हा विषय घ्यावा, आणि पाठवणीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी भाषेच्या तासांबरोबर एक तास यासाठी ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आमच्या वृद्धाश्रमात पुढच्या महिन्यात साताऱ्याकडची एक मुलगी रुजू होत आहे. तिने गाडी पाहायला जाताना मला बरोबर घ्यावे असे मी तिला कळवले आहे, आणि 2 युरोचे एक नाणे त्यासाठी पर्समध्ये वेगळे ठेवले आहे.

आपली नम्र,
एक वाचक परिचारिका
रॉयटलिंगेन, जर्मनी