मुक्कामाच्या दौऱ्यासाठी सॅक : मित्रास पत्र

यवतमाळ,
२ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाच्या कामावर तुझी नेमणूक झाली आणि मारेगाव, झरी-जामणी व केळापूर हे तीन तालुके तुझ्या वाट्याला आले, हे वाचून मनापासून आनंद झाला. केंद्र सरकारने २०२२ साली ही योजना मंजूर केली, तेव्हापासून मी याच कामासाठी गावोगाव फिरतो आहे आणि आठवड्यातील दोन-तीन रात्री तालुक्याच्या लॉजवर नाहीतर संस्थेचे कामकाज पाहणाऱ्या एखाद्या गटसचिवांच्या घरी काढतो. त्यामुळे लॅपटॉप आणि मुक्कामाचे कपडे यांसाठी कोणती सॅक घ्यावी, हा तुझा प्रश्न मला किरकोळ वाटला नाही. या कामात ती सॅक म्हणजे आपले कार्यालय असते आणि रात्रीपुरते घरही तीच असते.

एक बॅग घ्यावी की दोन, असे तू विचारले आहेस. एकच घे. एसटीत उभे राहून जायची वेळ आली, तर एक हात वरच्या दांडीला आणि दुसरा तिकिटाला लागतो. हातात दुसरी बॅग असली की ती खाली, कोणाच्या तरी पायांशी जाते आणि मारेगाव येईपर्यंत आपले लक्ष तिच्यावरच राहते. शिवाय बसस्थानकापासून संस्थेच्या गावापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पार करावा लागतो. तिथे पाठीवर मावेल तेवढेच सामान आपले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे जी सॅक होती, ती दिसायला देखणी होती, कप्पेही भरपूर होते. ऐन मे महिन्यात पांढरकवड्याच्या बसस्थानकावर पाटणबोरीच्या गाडीची वाट पाहताना मी ती खांद्यावरून उतरवून सिमेंटच्या बाकावर ठेवली. आपटली नाही, फेकली नाही. नेहमी ठेवतो तशीच ठेवली. खालून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले. संस्थेच्या कार्यालयात पोहोचून लॅपटॉप उघडला, तेव्हा खालचा डावा कोपरा आत चेपलेला होता आणि पडद्यावर त्या कोपऱ्यापासून वरपर्यंत एक पांढरी रेघ उभी होती. खरिपाच्या पीककर्जाची लगबग सुरू होती, सभासदांच्या खात्यांची नोंद अर्धी झाली होती आणि सचिव खतावण्या काढून माझी वाट पाहत बसले होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही काम झाले नाही. दोन शेतकरी आपले खाते बरोबर चढले की नाही हे पाहायला मुद्दाम आले होते, त्यांना तसेच परत जावे लागले. ते मला अजून लागून राहिले आहे.

घरी आल्यावर मी ती सॅक पूर्ण रिकामी करून पाहिली, तेव्हा दोष सापडला. लॅपटॉपचा कप्पा थेट सॅकच्या तळापर्यंत शिवलेला होता. पाठीच्या बाजूला फोम जाड होता, पुढच्या बाजूलाही होता, पण तळाला कापडाचा एकच पदर होता. म्हणजे सॅक कितीही सांभाळून खाली ठेवली, तरी लॅपटॉपचे सगळे वजन त्याच्या कोपऱ्यावर येऊन सिमेंटवर टेकत होते. चांगल्या सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा तळापासून वर, झोळीसारखा लटकता ठेवलेला असतो. हे बाहेरून दिसत नाही आणि दुकानदारही बहुधा सांगत नाही. म्हणून एक हात लॅपटॉपच्या कप्प्यात अगदी खालपर्यंत घाल आणि दुसऱ्या हाताचा तळवा सॅकच्या बुडाखाली लाव. दोन्ही हातांमध्ये किमान दोन बोटांचे अंतर जाणवले पाहिजे. बोटे बोटांना लागली, तर ती सॅक कितीही स्वस्त असो वा सुंदर असो, तिथेच ठेवून दे.

दुसरी गोष्ट मला दत्त चौकाजवळ बसणाऱ्या एका बॅग दुरुस्त करणाऱ्या काकांनी शिकवली. खांद्याचा पट्टा उसवला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी सॅक उलटी करून आतली बाजू माझ्यासमोर धरली आणि पट्टा जिथे पाठीच्या कापडाला मिळतो तिथे अंगठ्याचे नख ठेवले. तिथे एकेरी, सरळ शिलाई होती आणि सुईची भोके ओढ बसून लांबट झाली होती. मग त्यांनी दुरुस्तीला आलेली दुसरी एक जुनी सॅक दाखवली. तिच्यात त्याच जागी चौकोन शिवून त्यात आडव्यातिडव्या दोन रेघा मारल्या होत्या आणि मागे पट्टीचा आणखी एक तुकडा लावला होता. "चेन गेली तर मी शंभर रुपयांत बदलून देतो, पण हे कापड फाटले की शिवायला जागाच राहत नाही," असे ते म्हणाले. तेव्हापासून मी कोणतीही सॅक पाहिली की आधी आत हात घालून तीच जागा चाचपतो. वरची उचलायची मूठही तशीच तपासून घ्यावी, कारण टपावरून किंवा डिकीतून सामान काढणारा माणूस सॅक नेहमी त्या मुठीनेच ओढतो. अर्थात तू ती टपावर किंवा डिकीत कधीच देऊ नकोस, मांडीवर घेऊन बैस.

मांडीवर घेऊन बसायचे म्हटले की आकाराचा प्रश्न येतो. सॅकची क्षमता लिटरमध्ये लिहिलेली असते. वीस लिटरच्या सॅकमध्ये लॅपटॉप आणि डबा मावतो, पण कपडे कोंबावे लागतात. चाळीसची घेतली तर ती भरण्याचा मोह होतो आणि मग ती दोन सीटच्या मध्ये मावतही नाही. एका-दोन रात्रींसाठी अठ्ठावीस ते बत्तीस लिटर पुरेशी आहे, हे मी अनुभवाने सांगतो. लॅपटॉपच्या मापात मात्र एक घोटाळा होतो. १५.६ इंच हे माप पडद्याच्या कर्णाचे असते, लॅपटॉपच्या अंगाचे नसते. आपल्याला कामासाठी मिळणारे जुन्या पद्धतीचे लॅपटॉप रुंदीला सदतीस-अडतीस सेंटीमीटरपर्यंत भरतात. '१५.६ इंचांसाठी' असे लेबल असलेल्या काही सॅकमध्ये ते जेमतेम शिरतात आणि चेन लावताना कोपऱ्यावर ताण येतो. म्हणून दुकानात जाताना लॅपटॉप सोबतच ने.

कपड्यांचा कप्पा लॅपटॉपच्या कप्प्यापासून पूर्णपणे वेगळा असावा आणि शक्यतो सुटकेससारखा तिन्ही बाजूंनी उघडणारा असावा. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये तळाचा पायजमा काढायचा, तर संस्थेच्या कार्यालयात चार माणसांसमोर साबण, बनियन, चार्जर सगळे टेबलावर मांडावे लागते, आणि ते मला कधीच बरे वाटले नाही. माझ्या सोबत शर्ट-पँटचा एक जोड, रात्रीचे कपडे, टॉवेलऐवजी पंचा, पातळ चादर आणि डोक्याला बांधायचा दुपट्टा एवढेच असते. पंचा रात्री खिडकीला वाळत टाकला की सकाळपर्यंत कोरडा होतो. जाड टॉवेल पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि बंद सॅकमध्ये त्याचा कुबट वास लागतो. ओल्या कपड्यांसाठी एक रबरी अस्तराची पिशवी वेगळी ठेव.

आता पावसाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तू ऐन मृगाच्या तोंडावर कामाला लागतो आहेस. सॅकसोबत मिळणारे पावसाचे आवरण फक्त पुढची बाजू झाकते. मोटारसायकलवर बसल्यावर पाणी मानेवरून उतरून पाठ आणि सॅक यांच्या मधल्या फटीत जाते, आणि नेमका तिथेच लॅपटॉपचा कप्पा असतो. म्हणून आवरण लाव, पण लॅपटॉप आत एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून ठेव. कापडाच्या आतून जो मुलामा असतो तोच पाणी अडवतो. उन्हाने आणि दमटपणाने तो काही वर्षांत चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. तेव्हा सॅक बाहेरून नवी दिसली तरी पावसाच्या कामाची राहिलेली नसते. कापडाचा जाडपणा डेनियरमध्ये सांगतात, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. सहाशेच्या आसपासचे कापड आपल्या कामाला पुरते. त्याहून फार जाड घेतले तर रिकामी सॅकच जड होते.

चेन पाहताना रनर दोन-चार वेळा कोपऱ्यावरून फिरवून बघ, सरळ रेषेत तर सगळ्याच चेन चालतात. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ दातांत बसते, म्हणून महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने चेन झाडून त्यावर मेणबत्ती फिरवावी. रंग राखाडी किंवा खाकी घे. काळ्यावर धूळ उठून दिसते आणि उन्हात तो तापतोही जास्त, तर फिकट रंगावर पावसाळ्यातला काळ्या मातीचा एक शिंतोडा पडला की तो धुवूनही जात नाही.

पाण्याची बाटली आतल्या कप्प्यात कधीही ठेवू नकोस, झाकण कितीही घट्ट असले तरी. बाजूचा खिसा खोल असावा आणि तो जाळीचा नसून कापडाचाच असावा, कारण पांदणीने जाताना बाभळीच्या एका काट्याने माझी जाळी वरपासून खालपर्यंत चिरली होती. ज्या सॅकला बाहेरून मोबाइल चार्ज करण्याचे छिद्र दिलेले असते, तिचा मला उपयोग दिसला नाही. पाणी शिरायला आणखी एक वाट मिळते, एवढेच होते. त्यापेक्षा साध्या सॅकमध्ये पॉवर बँक ठेव आणि एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड आठवणीने घे. तालुक्याच्या लॉजवर प्लग बहुधा एकच असतो आणि तोही दाराजवळ, पंख्याच्या बटणाशेजारी.

उन्हाचे एक सांगायचे राहिले. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा आपला जिल्हाही फार मागे नसतो. बहुतेक लॅपटॉप पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. सॅकमध्ये घालण्यापूर्वी तो पूर्ण बंद कर, नुसता मिटवून झोपेच्या स्थितीत ठेवू नकोस. कधीकधी तो आतल्या आत जागा होतो आणि बंद कप्प्यात तापत राहतो. बसमध्ये चालकाशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर जागा मिळाली तरी सॅक तिथे टेकवू नकोस, आणि उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये ती ठेवून जेवायला जाऊ नकोस.

पुण्याला प्रशिक्षणासाठी नागपूरहून विमानाने जाण्याचा योग आला, तर हीच सॅक केबिनमध्ये नेता येते. सोबत सात किलोंपर्यंत सामान चालते. पॉवर बँक मात्र काउंटरवर जमा करायच्या सामानात न देता जवळच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांच्या आतली चालते आणि आपली नेहमीची २०,००० मिलीअँपिअर-तासांची साधारण ७४ भरते.

वजनाबाबत मी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली आहे. शाळेच्या दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या दहा टक्के असा सरकारी दंडक आहे, तोच मी मोठ्या माणसालाही लावतो. माझे वजन सत्तर किलो, म्हणून सॅक सात किलोंच्या वर जाऊ देत नाही. लॅपटॉप, चार्जर, पाणी, कपडे आणि एक खतावणी धरली तर ते सहज जमते. छातीवरून बांधायचा छोटा पट्टा असलेली सॅक मिळाली तर अवश्य घे. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर खड्ड्यांतून जाताना सॅक मागे ओढत नाही, हा फरक घाटंजीच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आला. तुझ्या कंबरेचे दुखणे मला माहीत आहे, म्हणून हे आग्रहाने लिहितो.

किमतीचे विचारशील तर माझी सध्याची सॅक मी अडीच हजारांना घेतली आणि तिला दोन पावसाळे झाले. हजाराच्या आत मी दोनदा घेऊन पाहिली. दोन्हींचे पट्टे वर्षाच्या आत उसवले. फोटो पाहून मात्र मागवू नकोस. तळाचे अंतर आणि पट्ट्याची शिलाई फोटोत दिसत नाही.

तू येत्या रविवारी यवतमाळला येणार आहेसच. सकाळी दहाच्या गाडीने ये आणि लॅपटॉप, चार्जर, तुझी नेहमीची बाटली व एक जोड कपडे सोबत घेऊन ये. दुकानात ते सगळे सॅकमध्ये भरून, पाठीवर घेऊन चौकापर्यंत चालून येऊ आणि मगच पैसे देऊ. येथे पसंत पडली नाही, तर पुढच्या आठवड्यात मला नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जायचे आहे, तेव्हा तिकडे पाहीन. त्यासाठी लॅपटॉपची लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये मोजून आणायला विसरू नकोस. जेवायला घरीच ये, आईने तुझ्यासाठी पाटवड्यांची रस्साभाजी करायचे ठरवले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती