शेवटचा शेक झाला की उपचार संपत नाहीत: आरोग्यमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत: मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: स्त्रियांच्या जननसंस्थेच्या कॅन्सरमध्ये उपचारांसोबतची आणि उपचारांनंतरची काळजी

सन्माननीय मंत्री महोदय,

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस आणि तपासणी शिबिरे यांवर आता सरकारी पातळीवर बोलले जाते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जागतिक अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा आजार नव्याने झाला. लस त्यांच्या उपयोगाची नाही. त्या पुढची वर्षे कशी काढतात, यासाठी हे पत्र आहे. अंडाशय, गर्भपिशवी आणि योनिमुखाच्या कॅन्सरच्या रुग्णही यात आल्याच.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजे आहेत, तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था आणि मिहानमधले एम्स आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ आणि सीमेपलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहून बायका इथे येतात. शस्त्रक्रिया होते, केमो होते, रुग्ण ज्याला शेक म्हणतात ते रेडिएशन होते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून बिल भागते. शेवटचा शेक झाला की फाइल मिटते. त्यापुढे जे करायचे असते ते कोणाच्याच कामात मोडत नाही. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचे, ग्रामीण रुग्णालय आपल्या खात्याचे, आणि बाई दोन्ही खात्यांच्या मधोमध. ही पुढची काळजी उपचाराचाच भाग धरावी आणि तिला माणूस, जागा व सामान द्यावे, एवढीच आमची मागणी आहे. सामान फारसे महागडे नाही, हे खाली दिसेलच.

आधी उपचार चालू असतानाचे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून शेक साधारण 25 वेळा, आठवड्यातून पाच दिवस; सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध; मग आतून शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी. हे सगळे 8 आठवड्यांत संपले पाहिजे. लांबले की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता घटत जाते. यंत्र बंद पडले की सगळ्यांना दिसते. पण जुलाब, रक्त कमी होणे, मुक्कामाची सोय नसणे यांनीही तेवढेच दिवस बुडतात आणि त्यांची बातमी होत नाही.

पाण्याचेच घ्या. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या शेकाआधी लघवी करून अर्धा लिटर पाणी प्यायला आणि 30 ते 45 मिनिटे थांबायला सांगतात. भरलेल्या मूत्राशयामुळे लहान आतडे वर सरकते आणि किरणांच्या वाटेतून बरेचसे बाहेर राहते. नंबर दीड तास लांबला की बाईला धरवत नाही, ती जाऊन येते आणि लगेच तिचे नाव पुकारले जाते. मूत्राशय रिकामे, आतडे खाली. असे वारंवार झाले की जुलाब वाढतात. दुसरीकडे सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जाते, म्हणून घरी रोज दोन-अडीच लिटर पाणी प्यायला सांगितलेले असते. पण एसटीने येणारी बाई सकाळपासून पाण्याला शिवत नाही, कारण वाटेतल्या स्टँडवरच्या संडासाची तिला धास्ती असते. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांत, याचा परिणाम सरळ आहे: मूत्रपिंड थकल्याचे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढते आणि केमो पुढे ढकलावी लागते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे. अशा रुग्णाला पाणी कमी पडणे म्हणजे वेदनेच्या झटक्याला वाट करून देणे. म्हणून केमोआधी सिकलसेलची तपासणी सक्तीची हवी. बाकी उपाय औषधाच्या दुकानात मिळणारा नाही. रेडिएशन विभागाला लागून पाणी आणि कडी असलेले, कमोडचे दोन स्वच्छ संडास, नंबरची वेळ लिहिलेली चिठ्ठी आणि दोन महिने राहता येईल अशी जागा, एवढे करावे.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही ती. शेकानंतर योनीचा मार्ग सुकतो, आखडतो, त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. हा प्रश्न केवळ नवरा-बायकोच्या संबंधांचा नाही, आणि तसा असता तरी तो महत्त्वाचाच आहे. मार्ग बंद झाला की पुढच्या प्रत्येक तपासणीत बाई कळवळते, डॉक्टरांना आत दिसत नाही आणि आजार उलटल्याचे उशिरा कळते. यावर डायलेटर हे साधे साधन आहे: प्लास्टिक किंवा सिलिकॉनची गुळगुळीत कांडी, लहान ते मोठ्या मापांचा संच. आतली जळजळ शमली की, साधारण 2 ते 8 आठवड्यांच्या दरम्यान, डॉक्टरांनी तपासून सुरुवात करायची. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, सर्वांत लहान मापाला पाण्यात विरघळणारी जेली लावायची, अडेल तिथपर्यंतच हळूच न्यायचे, 5 ते 10 मिनिटे ठेवायचे आणि हलकेच फिरवत बाहेर काढायचे. साबण आणि कोमट पाण्याने धुऊन कोरडे करायचे. आठवड्यातून दोन-तीनदा, निदान दोन-तीन वर्षे. सुरुवातीला किंचित लालसर डाग पडला तर घाबरू नये. भरपूर रक्त गेले किंवा जोराचे दुखले तर थांबून दाखवावे. डायलेटरमागे मोठ्या चाचण्यांचा भक्कम पुरावा नाही, आणि ऐन जळजळीत जोर केला तर इजा होते, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच शिकवणे महत्त्वाचे.

बिघडते ते शिकवण्यातच. शेवटच्या दिवशी कॅरीबॅगमध्ये घालून वस्तू हातात दिली जाते, समोर दीर किंवा मुलगा उभा असतो, मान खाली घालून बाई ती घेते आणि ती कपाटाच्या तळाशी जाते. पहिला लाल डाग दिसला की आजार परतला असे वाटून वापर थांबतो. सहा महिन्यांनी तपासणीला येते तोवर भिंती चिकटलेल्या असतात. जिला वस्तू मिळतच नाही तिला तर काही करायचे असते याचाही पत्ता नसतो. हवे काय? आतून कडी लागणारी खोली, एक प्रशिक्षित परिचारिका आणि बाईसोबतची 20 मिनिटे. एकदा शेक संपताना, एकदा पहिल्या तपासणीला. गडचिरोलीकडच्या बाईंसाठी गोंडी किंवा माडिया बोलणारी बाईच दुभाषी हवी, नातेवाईक पुरुष नको. नवऱ्यालाही वेगळे बसवून सांगावे की हा आजार संबंधांतून त्याला लागत नाही आणि शेकाची किरणे बायकोच्या अंगात राहत नाहीत. या दोन गैरसमजांपायी बायकांची अंथरुणेच नव्हे, ताटेसुद्धा वेगळी होतात.

लघवीचे दोन प्रश्न आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या नसा दुखावतात आणि लघवीची जाणीवच मंदावते. कॅथेटर काढल्यावर लघवी करून झाल्यानंतर आत किती उरते हे सोनोग्राफीने किंवा नळी घालून मोजायला हवे. 100 मिलीच्या वर उरत असेल तर घरी पाठवू नये, स्वतः नळी घालायला शिकवावे. घरी गेल्यावर घड्याळ बघून दर तीन-चार तासांनी जायचे, जाणीव होण्याची वाट पाहायची नाही. दुसरा प्रश्न जिवावरचा. गाठ मूत्रवाहिनी दाबते म्हणून तिच्यात डीजे स्टेंट ही बारीक नळी बसवतात. तो ठरावीक मुदतीत, बहुधा तीन ते सहा महिन्यांत, बदलावा लागतो. राहून गेला की त्यावर खडे धरतात, जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंड बसते. स्टेंट घातल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख तालुक्याच्या वहीत चढली आणि आशाताईंनी महिनाभर आधी निरोप दिला, तरी पुष्कळ मूत्रपिंडे वाचतील.

पायाच्या सुजेबद्दल विदर्भाची खास अडचण सांगायला हवी. ओटीपोटातल्या किंवा जांघेतल्या लसिका गाठी काढल्यावर किंवा शेकल्यावर पाय सुजतो. आपल्याकडे हत्तीपायाचा आजार जुना, त्यामुळे सुजलेला पाय पाहताच डीईसीच्या गोळ्या हातात पडतात आणि महिने जातात. कॅन्सरच्या रुग्णाचा एक पाय सुजला तर आधी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करून रक्ताची गुठळी नाही ना हे पाहायचे, मग आजार उलटला नाही ना हे पाहायचे, त्यानंतरच पट्ट्या. घोट्यापासून दर 10 सेंटीमीटरवर दोन्ही पायांचा घेर मोजून लिहायचा. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की उपचार सुरू. दाबाचे मोजे सकाळी, सूज कमी असताना माप घेऊनच द्यायचे, दोन जोड, आणि सहा महिन्यांनी बदलून, कारण ताण गेलेला मोजा नुसते कापड उरतो. उन्हाळ्यात दिवसभर मोजे घाला म्हणून बजावण्यात अर्थ नाही, कोणी घालत नाही. भल्या सकाळी आणि दिवस मावळल्यावर घातले तर निदान काही तास तरी पदरात पडतात. आणि एक सोपी गोष्ट: हत्तीपाय कार्यक्रमात टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच देतात आणि पाय धुवायला शिकवतात. तोच संच, तेच कर्मचारी या बायकांसाठीही चालतील. नवी योजना लागत नाही, पात्रतेच्या यादीत एक ओळ लागते.

वेदनेवर येतो. वाढलेल्या आजारात कंबर आणि मांडी रात्रभर ठणकते, तेव्हा मॉर्फिनच्या गोळ्यांना तोड नाही. बहुधा 5 मिलीग्रॅम दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 वाजता दुप्पट, म्हणजे झोपमोड होत नाही. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ करणारी गोळी हवीच. ती राहिली की तीन दिवसांत पोट गच्च होते आणि बाई मॉर्फिनच सोडून देते. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मॉर्फिन अंगात साचते, गुंगी येते, हातपाय झटके देतात. तिथे मात्रा कमी आणि अंतर जास्त ठेवावे किंवा फेंटॅनिल या दुसऱ्या वेदनाशामकाकडे वळावे. मूत्रवाहिन्या दबलेल्या रुग्णांत हे नेहमीचे, आणि नेमके तेच तालुक्याला कोणी तपासत नाही.

अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन अशा औषधांसाठीचे परवान्यांचे जंजाळ संपले. औषध नियंत्रकांची मान्यता आणि प्रशिक्षित डॉक्टर एवढ्यावर रुग्णालय मॉर्फिन ठेवू शकते. महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीचे, धोरण 2012 मध्येच आणले. तरी गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या किंवा अहेरीच्या बाईला गोळ्यांसाठी नागपूर गाठावे लागत असेल, तर ते धोरण तिच्या दारापर्यंत पोचलेले नाही. एका रुग्णालयात एकच प्रशिक्षित डॉक्टर असला की त्याच्या बदलीबरोबर गोळ्यांच्या कपाटाला कुलूप पडते. म्हणून प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात किमान दोन प्रशिक्षित डॉक्टर, एक परिचारिका आणि रुग्णाला एका वेळी पंधरा दिवसांच्या गोळ्या, असा आदेश काढावा.

दुर्गंधीमुळे बाईला ओसरीवर काढले जाते, तिच्या हातचे कोणी खात नाही. त्यावर मेट्रोनिडाझोल आहे, पोटातून किंवा जेल म्हणून जागेवर. दोन-चार दिवसांत फरक पडतो. रक्तस्रावावर ट्रॅनेक्सामिक ॲसिड, आणि न थांबल्यास 8 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) इतका एकच शेक पुष्कळदा पुरतो. त्यासाठी तिला रांगेत मागे उभे करू नये. लघवीची किंवा शौचाची जागा योनीत उघडलेली असेल तर रोजचे डायपर आणि कातडीसाठी झिंक ऑक्साइडचे मलम लागते. योजनेची पॅकेजे शस्त्रक्रिया, केमो आणि शेकाभोवती बांधलेली. महिनोन्महिन्यांच्या डायपरचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घरावर पडतो.

चाळिशीच्या आतल्या बायकांची पाळी शेकाने एकदम जाते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सर्वसाधारण प्रकारात यातल्या बऱ्याच जणींना हार्मोनची औषधे चालतात, पण कॅन्सर म्हटले की सरसकट नाही म्हणून सांगितले जाते. निदान कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी तरी व्हावी.

यासाठी आपण दोन्ही खात्यांचा एकच शासन निर्णय काढावा. डायलेटर संच, जेली, दाबाचे मोजे, डायपर, मॉर्फिन आणि मेट्रोनिडाझोल जेल महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या यादीत घ्यावे. रेडिएशन असलेल्या प्रत्येक सरकारी केंद्रात या कामासाठीच एक परिचारिका आणि एक फिजिओथेरपिस्ट नेमावा, ज्यांना दुसऱ्या वॉर्डात ओढले जाणार नाही. घरी जाताना बाईच्या हाती मराठीतले एक पान द्यावे: काय झाले, कोणती औषधे, स्टेंटची तारीख, पुढची तपासणी, आणि तिच्या जिल्ह्यात कोणाला भेटायचे. उपचार किती जणींचे झाले एवढेच न मोजता सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्यांना लघवी, शौच, वेदना, सूज आणि संबंध यांचा त्रास किती आहे, हेही विचारून नोंदवावे. ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या सी30 आणि सीएक्स24 या प्रश्नावल्या त्यासाठीच आहेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असालच. या कामाचा खर्च त्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत धरावा आणि त्या दिवसांत एखाद्या सकाळी आठच्या सुमारास कोणत्याही सरकारी रेडिएशन विभागाच्या व्हरांड्यात यावे. वर लिहिलेले आम्ही तिथे आपल्याला जागेवर दाखवू.

आपले,
नागपुरात कॅन्सरग्रस्त स्त्रियांच्या सेवेत असलेल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि डॉक्टर