नदीखोऱ्यातल्या खडीवाटा दाखवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आखलेला नदीखोऱ्याचा मार्ग आता आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जीपीएसवर आहे. आभार तुम्हाला एकट्याला निरोप पाठवूनही मानता आले असते. पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. फाइलसोबत तुम्ही जे टिपण जोडलं होतंत, ते खडीवर सायकल चालवणाऱ्या आणि चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या किती कामाचं आहे, हे सगळ्यांना कळायला हवं.

नकाशावर रेघ ओढणं आता फार सोपं झालंय. दोन टोकं दाखवली की ॲप वाट काढून देतं. पण ती वाट मुरमाची की मातीची, पावसानंतर तिचं काय होतं, कुठल्या ओढ्यावर पूल आहे आणि कुठे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, यातलं काहीच त्या रेघेत नसतं. तुम्ही ते तुकड्यातुकड्याने लिहिलंत. ‘इथून पुढे दाबून बसलेली खडी, निर्धास्त जा.’ ‘वळणाच्या आतल्या अंगाला वाळू, हँडल सैल धरा, पायडल थांबवू नका.’ ‘फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरा, खोली बघायला उतरू नका.’ शब्द मोजकेच, पण प्रत्येक ठिकाणी तुम्ही स्वतः थांबून, उतरून पाहिलंय हे वाचताना कळतं.

त्या वाळूचंच घ्या. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला पाण्याला वेग जास्त असतो, म्हणून तो काठ कापला जातो. आतल्या काठाला पाणी मंदावतं आणि वाळू तिथे पडते. शाळेच्या भूगोलात हे होतंच, पण सायकलच्या पुढच्या चाकाशी त्याचा संबंध तुम्ही जोडून दिलात. आता नकाशात नदीचं वळण दिसलं की वाट कुठल्या अंगाने जाते ते मी आधी बघते. आतून जात असेल तर चाक रुतायची तयारी ठेवायची, बाहेरून जात असेल तर काठ ढासळला असेल हे धरूनच निघायचं.

गोटे आणि खडी हे दोन शब्द तुम्ही कधीच एकमेकांच्या जागी वापरले नाहीत, हेही लक्षात आलं. पाण्याने घासून गोल झालेले गोटे टायरखाली घरंगळतात. फोडलेली खडी कोनदार असते, दाबली की एकमेकींत अडकून बसते. स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॲडमने १९व्या शतकाच्या सुरुवातीला रस्ते बांधायची जी पद्धत रूढ केली, ती याच गुणावर उभी होती: बारीक फोडलेला कोनदार दगड आणि खालून पाण्याचा नीट निचरा. निचरा बिघडला की काय होतं ते तर पुरानंतरच्या वाटेवर दिसतंच. बारीक माती वाहून जाते आणि वर सुटे दगड उरतात. सखल भागात उलट गाळ साचतो. ओला असेपर्यंत तो टायर आणि फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, मधे असा भरतो की चाक फिरेनासं होतं. म्हणूनच ‘पूर ओसरल्यावर हा तुकडा पुन्हा पाहिला’ ही तुमची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. एकदा मार्ग आखणारे पुष्कळ भेटतात, तो पुन्हा तपासून टिपण बदलणारे फार थोडे.

टायर कुठले घेऊ, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही कुठल्याही कंपनीचं नाव घेतलं नाहीत. आधी माझं वजन विचारलंत, मग वाट कशी आहे ते सांगितलंत. ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस घे, ३५ पीएसआयच्या आसपास हवा भर आणि मग दर फेरीला थोडी कमी-जास्त करून बघ, असं म्हणालात. हवा थोडी उतरवली तेव्हा खडीवर हाताला बसणारे हादरे एकदम कमी झाले. इतका नेमका सल्ला मला दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता.

आणि तो चढ! नदीकाठची वाट म्हणजे सपाट, असं सगळेच धरून चालतात. पण वाट काठाकाठाने निघाली की नदीला मिळणारा प्रत्येक ओढा आडवा येतो. खाली उतरा, पलीकडे चढा. एकेक चढ लहान असतो, पण दिवसाअखेर मांड्या त्यांची बेरीज सांगतात. तुम्ही दोन्ही काठांचे ओढे मोजलेत आणि जिथे ते कमी, त्या काठाने मार्ग नेलात. याला मी खरी कारागिरी म्हणेन. जुन्या कालव्यांच्या वाटांवर हा त्रास नसतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट कंबरलंडपासून वॉशिंग्टनपर्यंत सुमारे २९७ किलोमीटर जाते. नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी ती बांधली होती, त्यामुळे चढ जवळपास नाहीच. नावा १९२४मध्ये बंद पडल्या. आज तिथे सायकली चालतात.

तुम्ही हे सगळं स्वतःजवळ ठेवलं नाहीत याचे आभार वेगळे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून भरायचा नकाशा २००४मध्ये सुरू झाला. त्यात वाटेचा पृष्ठभाग नोंदवता येतो, कच्च्या वाटेला १ ते ५ अशी प्रतही देता येते: १ म्हणजे टणक, ५ म्हणजे मऊ माती-गवत. आपल्या खोऱ्यातल्या वाटांना या प्रती तुम्ही बसून भरल्यात. तुमचं नावही माहीत नसलेला माणूस उद्या त्या भरवशावर निघेल आणि अंधार पडायच्या आत घरी पोचेल.

शेतातून जाणाऱ्या दोन तुकड्यांबद्दल तुम्ही मालकांशी आधी बोललात आणि ‘फाटक जसं असेल तसंच ठेवा, गुरं असतील तर उतरून चाला’ असं लिहिलंत. ती वाट अजून खुली आहे ती यामुळेच. मागून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

आता थोडं कामाचं. वरच्या अंगाचा लाकडी साकव सध्या डगमगतोय. मधल्या दोन फळ्या निघाल्या आहेत. मी नकाशात तशी नोंद केली आहे आणि मागच्या पुलावरून जाणारी पर्यायी वाट जोडली आहे. तिथला पृष्ठभाग मी प्रत २ लिहिला आहे, पण शेवटचा तुकडा पावसानंतर ३ होईल असं वाटतं. तुमची त्या बाजूला फेरी झाली की एकदा बघाल का?

तुमची ऋणी,
खोऱ्यातली एक सायकलस्वार